डावा जबडा

गुनवोरने एकोणचाळीस वर्षं
वीस्बीच्या दवाखान्यामागच्या खोलीत
लोकांच्या कवळ्या घडवल्या.
बंदरावर कुणी हसलं की ती आधी तोंडात बघते,
मग माझ्या कानाशी: वरची माझी आहे, खालची नाही.

निवृत्त झाली त्या हिवाळ्यात
फाटकाजवळच्या गडग्यातला एक दगड तिने उचलून आणला
आणि स्वयंपाकघरात, बरणीतल्या व्हिनेगरमध्ये बुडवला.
दगड फसफसला. रात्रभर.
मी फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी आयुष्य काढलंय,
मला कुठल्याही आवाजात झोप लागते,
पण त्या बरणीने जागं ठेवलं:
बारीक, चिवट,
कुणीतरी अंधारात शेंगा सोलत बसल्यासारखं.

गोटलंडवर सगळं ह्याच दगडाचं.
चर्च, पायरी, गोठा, माझ्या बापाची कबर.
मला तो नुसता दगड. करडा, थंडीत बोटं सोलणारा.
ती सांगते, इथे समुद्र होता, कोमट,
विषुववृत्ताच्या शेजारी,
त्रेचाळीस कोटी वर्षांमागे,
आणि चिखलात किडे होते,
हाड नाही, कवच नाही,
पण दात होते.
"बाकीचं सगळं विरलं," ती म्हणते,
आणि दातांची बाजू घेताना आवाज जरा कडक होतो.

शेजारचा टोर्स्टेन कुंपणावरून म्हणाला,
दात कोरून पोट भरत नाही, गुनवोर.
पोट भरलेलंच आहे, ती म्हणाली,
आता कोरू दे.

आठवड्याने बरणीच्या तळाशी चिमूटभर गाळ उरतो.
तो ती चाळणीवर धुते, बशीत वाळवते,
हेमसेची शाळा बंद पडली तेव्हा स्वस्तात मिळालेल्या
सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते.
ओल्या कुंचल्याचा एकच केस.
त्याच्या टोकाला चिकटून येतो काळा, करवतीसारखा कण.
दात काळे, म्हणून कार्ड पांढरं,
साठ चौकोनांचं.
ती श्वास रोखते. मीही रोखतो.
एकदा मला शिंक आली.
बारा नंबरचा चौकोन अजून रिकामा आहे.

मार्चमध्ये मी बरण्या धुतल्या.
मदत म्हणून.
चौदा नंबरची, तीन आठवड्यांचा गाळ,
कॉफीचा चोथा समजून सिंकमध्ये ओतला
आणि वरून गरम पाणी सोडलं.
ती दारात उभी होती.
माझी दातखीळ बसली.
मग दाताच्या कण्या केल्या:
चुकलो, लेबल पाहिलं नाही, चष्मा कपाळावर होता.
ती काही बोलली नाही.
माझ्या पेटीतला मोठा पाना घेऊन
सिंकखाली उताणी झाली
आणि घर घेतल्यापासून मी एकदाही न उघडलेली
ती वाकडी नळी उघडली.

बादलीत आलं ते:
बटाट्याचं साल, साबणाचा लोण्यासारखा थर,
कुठल्याशा कोटाचं बटण.
सगळं चाळणीवर. सगळं बशीत.
दोन रात्री ती दिव्याखाली वाकलेली,
मी न विचारता कॉफी ठेवत,
कप मात्र उचलायला न धजता.

तिसऱ्या रात्री हाक आली.
एक डोळा मिटून पाहिलं:
शिंगासारखा बाक, आतून चौदा दाते, एक तुटका.
"डावा आहे."
उजवा?
तिने खिडकीबाहेर बोट केलं,
गटाराकडे, म्हणजे बंदराकडे,
म्हणजे समुद्राकडे.

इतकी वर्षं दगडात कोरडा
आणि शेवटी परत पाण्यात.
हे मी मोठ्याने बोललो नाही.
ज्याने ओतलं त्याने काव्य करू नये.

तिने माझ्यावर दात धरला नाही.
कुंचल्यावर धरला,
चौकोनात ठेवला,
आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं:
एक्केचाळीस. डावा जबडा.
गडगा, फाटकाशेजारी.
मार्गे एवर्ट.