तिसरी नळी

डंडी, मंगळवार, सकाळचे साडेआठ.
टे नदीवरून आलेला वारा
दवाखान्याचं दार माझ्याआधी ढकलतो.

नर्सचं नाव आयला.
दोन वर्षं झाली, तरी हाक मारताना
मला जीभ चावावी लागते.
ती दंडाला पट्टा आवळते, मूठ मिटायला सांगते,
आणि शीर सापडली की
गळाला मासा लागल्यासारखी खूश होते.
पहिली नळी लिथियमची, नेहमीची.
दुसरी मूत्रपिंडांच्या चौकशीची.
तिसरी संशोधनाची, जांभळ्या टोपणाची.
तिच्यात म्हणे माझं
पुढच्या महिन्याचं हवामान असेल.
असेलही. अजून कुणाला वाचता येत नाही.

त्याआधी कागद: गेले चौदा दिवस मन कसं होतं?
शून्य ते दहा.
मी सहा लिहिते.
सहा सभ्य आकडा आहे, पुढे कुणी विचारत नाही.

मार्चमध्ये मी नऊ होते.
पहाटे तीनला स्वयंपाकघर पिवळं रंगवलं,
अकरा रेनकोट मागवले, सगळे एकाच मापाचे,
आणि सुधन्वाला उठवून सांगितलं
की रेल्वेचा पूल गुणगुणतोय, मला सूर सापडलाय.
त्यानं वाद घातला नाही. ब्रश धुऊन ठेवले.
मेमध्ये त्यातल्याच एका रेनकोटची बटणं लावायला
मला पाऊण तास लागला.

"त्यांच्या रक्तातच आहे ते,"
आई म्हणाली होती मावशीला,
धाकट्या काकाबद्दल, माझं लग्न ठरत असताना,
आवाज खाली, दाराला कडी.
तेच वाक्य इथं
पांढरे डगले घालून तपासतात,
आणि दार सताड उघडं.
हसू येतं.
आवरते. हसण्याचाही रकाना आहे.

"सापडलं काही?" मी विचारते.
"गटांमध्ये थोडा फरक दिसतो," आयला म्हणते,
"एकेका माणसाचं नाही सांगता येत."
कापूस दाबून धरते मी,
एकेक माणूस.

खाली कँटीनमध्ये सुधन्वा दोन चहा घेऊन बसलाय.
बर्फात ठेवलेल्या नळीच्या आधी त्याला कळतं:
मी साखर किती वेळ ढवळते, त्यावरून.
मान खाली घालून पेपर वाचतो,
पान मात्र उलटत नाही.

आज मी बिनसाखरेचा पिते.