माइक चालू ठेवा

गेम सुरू होताना विचारते : माइक चालू ठेवायचा का?
मी 'हो' दाबते.
बुधवारी मला सुट्टी,
आणि बाकीच्या रात्री अमेरिकेतल्या आजाऱ्यांची बिलं भरून भरून
बुधवारी झोप येतच नाही.

एक पडकं हॉस्पिटल आहे. चाळीस खोल्या.
प्रत्येकीत एक खाट, एक फुटकं बेसिन,
खिडकीबाहेर धुकं, आणि माणूस एकही नाही.
चाळीस!
आमची भोईवाड्यातली एक,
पोटमाळा धरला तर दीड.
पहिल्या रात्री मला भीती वाटेना, हेवाच वाटला.
घाबरायलाही जागा लागते.
एक लांब, रिकामा कॉरिडॉर तरी लागतो
जिथे अंधारात पाऊल टाकलं
तर आईच्या पायावर पडत नाही.

तिथे एक बाई फिरते.
डोळ्यांवर पट्टी, कपाळापासून नाकापर्यंत.
तिला दिसत नाही. ऐकू येतं.
आणि नुसतं तिथलं नाही,
इथलंही.

हळदणकरांच्या मोरीत तांब्या पडला,
बाईने मान वळवली, मी मेले.
पहाटे चारला पाणी आलं, पिंप वाजलं, मेले.
माळ्यावर भाऊ झोपेत बरळला. मेले.
पण सगळ्यात जास्त वेळा मेले ते
पप्पांच्या खोकल्याने.

शिवडीहून आणलेल्या गोळ्यांचा चौथा महिना.
खोकला ते उशीत दाबतात,
तरी तो येतोच,
तळघरातून कुणी जिना चढत यावं तसा,
एकेका पायरीवर थांबत.

तिसऱ्या बुधवारी ते उठून बसले.
"हेमे, सारखी च्यक् च्यक् काय करतेस?"
मी हेडफोनची एक बाजू त्यांच्या कानाला लावली,
बाई दाखवली.
"बरं," म्हणाले.
मग मी जिथे अडकले होते ती फ्यूजची पेटी दाखवली :
चार खाचा, चार रंग, भिंतीवर रक्ताने लिहिलेलं कसलंसं कोडं.
कोडं त्यांनी वाचलंसुद्धा नाही.
संतापले.
"ही बसवली कोणी? अर्थिंग कुठंय?"
एकतीस वर्षं सबस्टेशनात गेलेला माणूस.
रात्री फोन आला की चप्पल शोधतानाच
कुठला फेज उडाला ते सांगायचा.

"लाल, पिवळी, निळी. काळी सगळ्यात शेवटी.
आणि आधी हात कोरडे कर."

मी खरंच ओढणीला हात पुसले.

दिवे लागले.
कॉरिडॉरच्या टोकाशी ती, पाठमोरी,
आणि तिच्या पलीकडे दार.
सोळा पावलं.
मी पप्पांकडे पाहिलं.
त्यांनी खुंटीवरचा टॉवेल ओढला,
बोळा करून तोंडात धरला,
आणि मानेनेच म्हणाले, चल.

चालले.
सहाव्या पावलाला त्यांचे खांदे हलायला लागले.
नवव्याला गळ्याची शीर तटतटली.
मी पडद्याकडे बघू की त्यांच्याकडे?
बाईच्या अगदी कानाजवळून गेले,
तिच्या पट्टीचे धागे दिसले,
आणि खोलीत आवाज नाही,
फक्त पंखा, ज्याची तिला आता सवय झालीय.

दार उघडलं. बाहेर समुद्र होता.
इतका खोटा, इतका निळा,
मी हसले, हेडफोन काढला, वळले,
तर ते आडवे झाले होते. भिंतीकडे तोंड.
टॉवेल हातातच.

आवाज नाही.

पंख्याखाली, आईच्या घोरण्याखाली,
डोळे गच्च मिटून मी ऐकत बसले
त्या बाईसारखी,
मान थोडी तिरकी करून,
एक खोकला कुठून येतो का ते.
सोळा मोजले. पुन्हा सोळा.
माइकचा हिरवा ठिपका अजून चालूच होता,
तोही ऐकत होता.

मग आला. ओला, जुना, जिना चढून.
आणि त्यामागून, भिंतीकडे तोंड करूनच :

"अर्थिंग नव्हतंच बघ त्याला."