तीस अक्षरं

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारीवर
आमच्या विडी कामगार महिला पतसंस्थेचं ऑफिस.
जिन्यात अजून शिंका येतात.
सर्व्हर मोरीशेजारच्या खोलीत, टेबलफॅनसमोर.

शनिवारी रात्री कंपनीचं पत्र आलं:
लॉगिन करताना कुणी वाजवीपेक्षा लांब नाव पाठवलं
तर आपला डेटाबेस ते मोजत नाही.
पासवर्ड विचारायच्या आधीच
नाव भांड्यातून उतू जातं
आणि सांडलेलं जे असतं, तोच हुकूम होतो.
कुठूनही. उंबऱ्याला पाय न लावता.

दोनदा वाचलं. मग हसू आलं, कडवट.

कारण याच खुर्चीत बसून
मी म्हणाले होते, मावशी, नाव बसत नाही.
काना, मात्रा, वेलांटी धरून तीसच.
रेशनकार्डावर कन्नडात त्यांचं एक नाव,
शाळेच्या दाखल्यावर मराठीत दुसरं,
पासबुकात मी तिसरं केलं:
शेवंताबाई बाळगोंडा कोगनोळे पाट
चष्मा पुसून वाचलं त्यांनी.
"पाट मांडलास व्हय? मग बसवतेस कवा?"

अशा अकराशे बायका.
फर्मा ठेवून पान कातरावं तशी नावं कातरली मी.
परक्याचं नाव मोजायला मात्र
कुणी बसलंच नव्हतं.

चिकोडी शाखेसाठी दार उघडं ठेवलेलं, तात्पुरतं,
तीन वर्षांपूर्वी, माझ्याच हातानं.
लॉग काढला.
मंगळवारी, रात्री दोन चाळीसला, कुणीतरी हाक मारलेली.
लांब नाही, साधीच. घरात कोण हाय का, एवढीच.
आत आला का, ते लिहिलेलं नाही.
आला असता तर आधी तेच पान पुसलं असतं.

बसलिंगला फोन केला.
"वायर काढतो अक्का. सोमवारी शिव्या खाऊ दोघं."

दुरुस्ती सेहेचाळीस टक्क्यांवर, आणि लाईट गेली.
यूपीएस मांजरासारखा ओरडत राहिला.
मी अंधारात त्याच्यावर हात ठेवून बसले,
जसं काही त्यानं वीज टिकते.

टिकली.

पहाटे, कुणी सांगितलं नसताना,
तीसचे एकशेवीस केले.
शेवंताबाईंचं खातं उघडलं,
राहिलेली वेलांटी दिली, ल दिला.

सोमवारी त्या आल्या, पासबुक छापून घेतलं.
प्रिंटर जुनाच.
रेघ अजून पाटावरच संपते.