चौथा भोई

रक्त रात्री घ्यावं लागतं,
दिवसा ते जंतू रक्तात उतरत नाहीत.
म्हणून पवनीच्या अलीकडे, नदीकाठच्या मठात
साडेनऊला काचपट्ट्या मांडल्या
अन् लाइट गेली.

बॅटरीचा झोत भिंतीवर पडला.
जुनी मिरवणूक. अबदागिरी, पालखी,
पुढे शिंगवाला, त्याचा गळा फुगलेला :
फुंकून, की गलगंड,
हात लावल्याशिवाय सांगता येत नाही.
पालखीतल्याला तपासलं नाही,
त्याचं तोंडच उडालंय.

चौथा भोई मात्र.
उजवा पाय गुडघ्यापासून खाली एकसारखा,
घोटा नाहीच, बोटं कणकेत रुतवलेल्या शेंगदाण्यांसारखी.
चिताऱ्यानं बाकी तिघांना तोडे घातलेत,
याला नाही.
बसला नसता.

"थो रंग फुगला जी, पुराच्या पाण्यानं,"
पुजारी म्हणाला.
असेलही. पोपडा दाबून बघायला
बोट उचललं होतं मी, मागे घेतलं.

रांगेत शेवटचा डोमा मारबते.
टोचून घेतलं, हूं की चूं नाही.
मग भिंतीसमोर उभा राहिला बराच वेळ,
अन् आल्यापासून पायावर ओढून धरलेली लुंगी
जरा वर घेतली.

"आमच्याच घरचा दिसते," म्हणाला.