सहाशे नंबरचा कागद

मतलई पडते, दर्यावारा अजून उठायचा असतो,
मधला अर्धा-पाऊण तास निवतीत
माडाचं पातंही हलत नाही.
प्रायमर मारायचा तो तेव्हाच,
बस्त्याव बजावून गेला आहे.
पण त्याआधी घासायचं.

पाच दिवस घासतोय.
आधी ऐंशी नंबर, पुळणीसारखा खरखरीत.
दाराच्या तळाशी रंगाला फोड आले होते,
ते फुटले आणि तांबडी भुकटी सांडली खळ्यात.
खाऱ्या हवेने वरून काही कळू न देता
आतला पत्रा खाल्लेला.
एका जागी करंगळी आरपार गेली.
कुडाळहून तुकडा कापून आणला, जोडून घेतला,
त्या शिवणीवर अजून हात फिरवायचा धीर नाही.

मग दोनशेवीस. मग चारशे, पाण्यात भिजवून.
बादलीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं.
ते अबोलीच्या मुळात ओतायचं नाही,
मंदाकिनीने सांगितलंय, दोनदा.

बस्त्याव होड्या रंगवतो.
गाडीभोवती फिरतो तोही होडीभोवती फिरल्यासारखा,
वाकून, तळ बघत.
"आमच्या होडयेक दर वर्साक ह्या करूचा लागता.
तुका एका गाडयेची रड."
डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवतो,
मध्ये पातळ फडकं धरून.
"नागडो हात खोटा सांगता."
आणि जाता जाता, विडी शोधत,
"रंग कोणय मारीत. घासूक धीर होयो."

आमच्या पांढऱ्याखाली डॉक्टर तिरोडकरांचा निळा,
निळ्याखाली कुणाचा तरी बदामी,
त्याखाली कंपनीचा करडा.
घासल्या जागी एकात एक वळी उमटतात,
नकाशात समुद्राची खोली दाखवतात तशी.
मी उगाच थांबून बघत बसतो.
काम त्यामुळेच लांबलं.

डाव्या मागच्या दाराला
पांढऱ्याखाली निळा लागेना.
लांबी लागली, बोटभर जाड,
आणि लांबीखाली खळगा, नारळाची कवड बसेल एवढा.
डॉक्टरांना मनातल्या मनात एक शिवी दिली.

मंदाकिनी चहा घेऊन उभी होती.
"ते माझं," म्हणाली.
"काय?"
"तुम्ही मिरजेला डोळा दाखवायला गेला होतात.
परुळ्याच्या वळणावर समोरून एसटी आली,
मी कडेला घेतली, गडग्याला लागली.
सातशे रुपये दिले. माझे, काजूचे.
त्याला रंग जुळवायला दोन दिवस लागले."
"आणि मला कळलं कसं नाही?"
"आलात तेव्हा डोळ्यावर पट्टी होती."

पट्टी निघाली त्याला अकरा वर्षं झाली.
अकरा वर्षं दर रविवारी हे दार धुतलं मी,
नागड्या हाताने.

हसावं की काय ते ठरेना.
तिने चहा बोनेटवर ठेवला,
पदर खोचला, कागद पाण्यात बुडवला
आणि तो खळगा स्वतः घासायला घेतला.
"कडेला दाबू नकोस, पत्रा उघडा पडतो."
"मला शिकवू नका," ती म्हणाली.
तिचं घासणं माझ्याहून एकसारखं होतं,
हे मी बस्त्यावला सांगणार नाही.

आज पहाटे प्रायमर थिनरमध्ये ढवळला,
तिच्या जुन्या नायलॉनच्या साडीतून गाळला.
काचांना पेपर चिकटवले.
वारा पडला तसा पहिला हात पातळ मारला,
मग दुसरा. तिसऱ्याला लांब कुठेतरी
माड सळसळला आणि मी बंदूक खाली ठेवली.

आता ती उभी आहे फणसाखाली,
सगळी करडी, ना आमची ना डॉक्टरांची.
शेजारची पोरं विचारतात, काका, कुठला कलर?
अजून ठरलेला नाही.
असाच ठेवला तर, असंही वाटून गेलं,
पण बस्त्याव म्हणतो, "प्रायमर पाणी पिता,
रातभर उघडो ठेव नको."

म्हणून ताडपत्री घातली, दगड ठेवले चारी कोपऱ्यांना.
सकाळी सहाशे नंबरचा कागद, आणि पुन्हा घासायचं,
एवढं सगळं चढवलेलं, थोडं उतरवायचं.
रात्री भात कालवताना बघतो,
माझ्या हाताच्या रेषांत करडी भुकटी.
तिच्याही.