शून्य किलोमीटर

सुवैकमध्ये वीज गेली तेव्हा
आधी एसीचा आवाज बंद पडला,
जो येतो हेच आम्ही विसरून गेलो होतो.

लतीफ मुकादम उठला, लुंगी खोचली,
कंपनीचा बॅटरीवरचा ट्रक मागे घेत घेत
पार न्हाणीच्या खिडकीला टेकवला
आणि पिवळी केबल आत सोडली.

एक फ्रीज, एक पंखा. बस्स.
एसीचं नाव काढायचं नाही.
पहाटे मासळी घेऊन सोहारला जायचंय,
चाळीस टक्क्यांवर आलं की मी वायर काढणार,
मग कोणी का असेना.

दहाला पलीकडच्या उम्म राशिद आल्या,
ओल्या फडक्यात इन्सुलिनच्या कुप्या.
सोलकढीचं पातेलं सरकवून जागा केली.
मग त्यांच्या नातवाचं वाफेचं यंत्र आलं,
मग कोणाचा तरी मोबाइल,
मग सात मोबाइल.

लतीफ केबिनमध्ये आकड्याकडे बघत बसला.
बासष्ट. चोपन्न.
ट्रक जागचा हलत नव्हता
आणि घर ओढत होता.

साडेतीनला चाळीस.
तो उतरला. केबलपाशी गेला.
हाताच्या उलट्या बाजूने तिला चाचपलं,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसं,
आणि परत जाऊन बसला.

सकाळी मॅनेजरचा फोन:
बॅटरी एकतीस, किलोमीटर शून्य.
रात्री गेला कुठं होतास?

"इथंच होतो, साहेब," लतीफ म्हणाला,
"चढ होता."