गेटाच्या अलीकडे

सहा रविवार झाले, आम्ही घरं बघतोय.
पुढे इराण्णा एजंट,
मागे आमच्या गाडीवर आम्ही तिघं.
शर्वरी टाकीवर बसून दारांचे रंग मोजते.

वहीत मी रकाने आखलेत.
शाळा किती पावलांवर,
आणि पावलं तिची धरायची, माझी नव्हेत.
गल्लीत दिवे किती, त्यातले पेटतात किती.
कुत्री.
पाणी कितव्या दिवशी.
कोपऱ्यावर उभं कोण असतं.
नारायण हसतो. उद्यमबागेत दिवसभर
केसाएवढ्या फरकासाठी जॉब परत पाठवणारा माणूस,
मला म्हणतो, घराला एवढं माप कशाला लावालीस गं?

सध्या आम्ही खासबागेत.
माग रात्री अकरापर्यंत धडधडतात.
त्याचं काही नाही, आवाजाची सोबत होते.
पण शाळेला जाताना मोठा रस्ता लागतो
आणि त्यावरचे वाळूचे ट्रक
पोरांपेक्षा खड्ड्यांना जास्त जपतात.

दुसऱ्या गेटाच्या पलीकडे, टिळकवाडीत,
एक वरचा मजला बघितला.
मालकीणबाईंनी विचारलं, मीडियम कुठलं?
मी म्हटलं, मराठी.
बंद झालेली नोट कुणी हातात ठेवावी
तसं बघितलं त्यांनी.
भाडं ऐकल्यावर नारायण
उगाच गॅलरीचा कठडा हलवून बघू लागला.

भाग्यनगरात वॉचमन होता, कॅमेरे होते,
भिंतीवर काचा रोवलेल्या.
शर्वरी म्हणाली, इथं चोर राहतात काय?

तिला मी अजून सांगितलेलं नाही.
आमच्या गावाहून शाळा तीन किलोमीटर,
वाट दोन्ही बाजूंनी उसाची.
जूनमध्ये ऊस कमरेला,
पंचमीला खांद्याला,
गणपतीत डोक्यावर.
आणि ऊस डोक्यावर गेला की
वर्गातल्या मुली एकेक करून कमी व्हायच्या.
काही झालं नव्हतं.
कुणाचंच काही झालं नव्हतं.
एकदा नुसती पानं हलली, वारा नसताना.
मालू चव्हाट्यापर्यंत पळत आली, तिथं रडली,
आणि दुसऱ्या दिवसापासून
माझी आठवीची पुस्तकं फडताळात.
फेब्रुवारीत तोड झाली. वाट उघडी पडली,
पार शाळेचं कौल दिसायला लागलं.
कुणी विचारलं नाही, आता जातीस काय म्हणून.

आता हे घर. अनगोळच्या बाजूला,
गेटाच्या अलीकडे, दोन खोल्या.
शाळा नावाजलेली नाही.
पटांगणात एकच नळ, त्याला दोरी बांधलेली.
बिर्जे सरांना मी विचारलं,
इथल्या मुली सातवीनंतर जातात कुठं?
त्यांनी रजिस्टर काढलं, नावांवरून बोट फिरवत राहिले.
ही नर्सिंगला. ही बँकेत. ही गोव्याला, नवऱ्याबरोबर.
एका नावावर बोट थांबलं.
हिचं काय झालं मला ठाऊक नाही, म्हणाले,
आणि बोट बराच वेळ तिथंच.
तेवढ्यावर मला बरं वाटलं.

समोरच्या पायरीवर गंगव्वा शेंगा फोडत बसलेली.
मान वर न करता
कोण गेलं, कोण आलं, तिला कळतं.
तिची मराठी मोडकी, माझी कानडी त्याहून.
मी हातानेच विचारलं,
संध्याकाळी, अंधारात, पोरी?
"ना अदीनी," म्हणाली.
मग माझ्यासाठी सोपं करून, "मी हाय की."

यासाठी वहीत रकाना नव्हता.

सतरा नंबरचा खांब पेटत नाही.
त्याचा अर्ज दिलाय, दोनदा.
सोमवारी सामान हलवायचं.
रात्री शर्वरी विचारते, किती पावलं?
सहाशे चाळीस.
मोजलीस?
मोजली. तीनदा.
तिसऱ्यांदा, वाटेतल्या मोकळ्या प्लॉटमध्ये
काय उगवलंय तेही बघून आले.
एरंड आहे.
गुडघ्याएवढा.